पंचाऐंशी सेंटिमीटर : मा. आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
महानगरपालिका.

विषय : बस स्टँड ते मंडई रस्त्याचं रुंदीकरण, त्यात गेलेला पदपथ, आणि शाळेच्या रस्त्यावर येऊ घातलेला टप्पा क्र. 2.

संदर्भ : माझे तीन अर्ज. पैकी एकाची पोच आहे, उत्तर एकाचंही नाही.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी आपल्या हद्दीत बावीस वर्षं राहते. एका शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे, त्यामुळे अर्ज कसा लिहायचा, कोणत्या टेबलावर द्यायचा आणि तो पुढे कुठल्या फायलीत जाऊन झोपतो, हे मला बऱ्यापैकी ठाऊक आहे. म्हणून आधी रीतसर अर्जच केले. हे चौथं पत्र उघडं लिहिते आहे, कारण गेल्या आठवड्यात शाळेच्या रस्त्यावरच्या कडुलिंबांना आणि रेनट्रींना नोटिसा ठोकलेल्या दिसल्या. कागद पावसाने ओला होऊन शाई ओघळली होती, पण "रस्ता रुंदीकरणास अडथळा" हे शब्द वाचता येत होते. मंडई रस्त्याचंही असंच सुरू झालं होतं. तेव्हा मी गप्प बसले.

शहराचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. आपल्याला ते ठाऊक आहे. बाकीच्यांनी आपापल्या गावाचं नाव घालून वाचलं तरी पत्रात फारसं काही बदलावं लागणार नाही.

आधी घरचं सांगते. माझ्या सासऱ्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणते. वय 79. एसटीत कंडक्टर म्हणून 31 वर्षं काढली, तेव्हा उभं राहण्याचा आणि चालण्याचा त्यांना कधीच कंटाळा नव्हता. निवृत्तीनंतर त्यांचा एकच कार्यक्रम होता. सकाळी पावणेसातला निघायचं, चालत मंडईपर्यंत जायचं, वाचनालयाच्या बाकावर दोन पेपर वाचायचे आणि येताना मेथी नाहीतर चुका घेऊन साडेआठला घरी. कापडी पिशवी घडी घालून सदऱ्याच्या खिशात. ती पिशवी आता दाराच्या मागच्या खिळ्याला लटकते आहे.

रुंदीकरण झाल्यानंतरच्या पहिल्याच ऑगस्टमध्ये, एका सकाळी, अण्णा विजेच्या डब्यापाशी पदपथावरून खाली उतरले. तिथे सगळेच उतरतात, कारण डबा आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधून माणूस जात नाही. मागून दुचाकी आली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया, सळई, तीन महिने पलंग, आता वॉकर. दुचाकीवाला पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा, पाठीला डिलिव्हरीची चौकोनी पिशवी. तो पळाला नाही. रिक्षा थांबवून अण्णांना त्यानेच दवाखान्यात नेलं आणि आम्ही पोचेपर्यंत बाहेरच्या बाकावर रडत बसला होता. त्याच्यावर माझा राग नाही. राग आला तो नंतर, पोलिसांच्या कागदावरचं एक वाक्य वाचून : "सदर इसम पदपथाचा वापर न करता रस्त्यावरून चालत असताना."

त्या वाक्यासाठी मी आणि माझा मुलगा एका रविवारी टेप घेऊन गेलो.

पूर्वी या रस्त्याला दोन्ही बाजूंनी अडीच मीटरचा पदपथ होता. हा आकडा माझा नाही, माहितीच्या अधिकारात मिळालेल्या जुन्या नकाशातला आहे. आता तो 85 सेंटिमीटर आहे. त्या 85 सेंटिमीटरमध्ये विजेचा डबा आहे. डबा आणि भिंत यांच्यामधलं अंतर आम्ही तीनदा मोजलं, कारण पहिल्यांदा खरं वाटेना : 31 सेंटिमीटर. शाळेतली मुलं वापरतात त्या पट्टीपेक्षा एका सेंटिमीटरने जास्त. पदपथाची उंची 38 सेंटिमीटर आहे. आमच्या सोसायटीच्या जिन्याची पायरी 16 सेंटिमीटरची, म्हणजे पदपथावर चढायचं तर एका दमात दोन पायऱ्यांहून जास्त उंच पाय टाकायचा. आणि इतका उंच बांधूनही तो सलग नाहीच. स्टँड ते मंडई या सव्वासहाशे मीटरच्या पट्ट्यात दुकानांच्या आणि सोसायट्यांच्या फाटकांसाठी तो 19 ठिकाणी खाली उतरतो आणि परत वर चढतो. वॉकरवाल्या माणसाला हे म्हणजे 19 वेळा ओटा चढण्या-उतरण्यासारखं आहे.

आता नियम काय म्हणतो ते पाहू. तो माझ्यापेक्षा आपल्या अभियंत्यांना जास्त पाठ असेल. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांच्या सोयींविषयीची मार्गदर्शक तत्त्वं, आयआरसी 103, 2012 साली सुधारून निघाली. पदपथाची चालण्याजोगी मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर असावी, बाजारपेठेत त्याहून जास्त. कड 15 सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी. फाटकापाशी पदपथ खाली उतरवू नये, गाडीने वर चढून यावं. हे सगळं त्यात आहे. म्हणजे फाटकापाशी कुणी वाकायचं हेसुद्धा पुस्तकात लिहिलेलं आहे, आणि आपण नेमकं उलट बांधलं.

हे झालं पुस्तकाचं. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पदपथ वापरता येणं हा घटनेच्या अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि अपंगांनाही वापरता येतील असे पदपथ देणं ही सरकारची जबाबदारी आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 198-अ हे कलम आलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल यांत ठरलेली मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा कुणी अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मला कोर्टात जायची हौस नाही, तेवढा वेळ आणि पैसाही नाही. पण अण्णांच्या कागदावर "पदपथाचा वापर न करता" असं लिहिणाऱ्याने 31 सेंटिमीटरमधून एकदा स्वतः जाऊन पाहावं, एवढं वाटतंच.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यातली 32,825 पायी चालणारी होती. रोजची नव्वद. अण्णा त्यांत नाहीत, कारण ते वाचले. जे वाचले आणि घराबाहेर पडायचे थांबले, त्यांची मोजदाद या आकड्यांत नाही.

आता दुभाजकाबद्दल.

या पट्ट्यात पूर्वी चार झेब्रे होते. पुसट का होईना, पण होते. रुंदीकरणात सलग दुभाजक बांधला, वर लोखंडी जाळी लावली, मध्ये कुंड्या ठेवल्या. आता रस्ता ओलांडायचा तर स्टँडच्या सिग्नलला नाहीतर मंडईच्या सिग्नलला. आमच्या गल्लीच्या तोंडासमोर, रस्त्यापलीकडे, औषधांचं दुकान आहे. हाक मारली तर दुकानदाराला ऐकू जाते. तिथे जायला मला आता जाऊन-येऊन अर्ध्या किलोमीटरहून जास्त चालावं लागतं. मी काय करते ते खरं सांगू? जाळीचे दोन गज कुणीतरी वाकवलेत, त्यातून जाते. साडी सावरत, पिशवी आधी पलीकडे टाकून. शाळेची मुलंही तिथूनच जातात. ते गज कुणी वाकवले याची चौकशी आपण जरूर करा, पण का वाकवले याचीही करा.

मंडईच्या सिग्नलला चालणाऱ्यांसाठी हिरवा माणूस लागतो तो 14 सेकंद. घड्याळ लावून पाहिलं. माझा मुलगा त्या वेळात पलीकडे जातो, मी पोचते तेव्हा माणूस लुकलुकत असतो, आणि अण्णा वॉकर घेऊन दुभाजकापर्यंत जातात. मग कुंड्यांच्या शेजारी उभे राहतात, दोन्ही बाजूंनी गाड्या जात असतात. एकदाच नेलं होतं त्यांना, त्यानंतर नाही. त्या दिवशी आमच्याबरोबर ओलांडायला थांबलेली माणसं मी मोजली. चौदा. आणि ज्यांच्यासाठी आम्ही थांबलो होतो त्या पहिल्या पाच मोटारींत मिळून सहा माणसं होती.

यावर आपल्या कार्यालयाचा तोडगा वर्तमानपत्रात वाचला : पादचारी पूल, "लिफ्ट प्रस्तावित". महोदय, रस्त्यावर वाहनांसाठी साडेपाच मीटरची मोकळी उंची सोडावी लागते. 15 सेंटिमीटरची पायरी धरली तर 37 पायऱ्या वर आणि 37 खाली, तीही वरच्या गर्डरची जाडी न धरता. समोरच्या दुकानातून क्रोसिनची पट्टी आणायला. मुंबईत 2008 पासून स्कायवॉक बांधले गेले. त्यांतल्या कितीतरींवर संध्याकाळनंतर एकट्या बाईने जावं असं कुणाला वाटत नाही, हे तिथे राहणारं कुणीही सांगेल. जमिनीवरून चालणाऱ्याला वर चढवायचं, म्हणजे खालच्या मोटारीला ब्रेक दाबावा लागू नये. पुलाचा सगळा खटाटोप एवढ्यासाठी. आणि ब्रेक दाबावा लागत नाही म्हणूनच आता रात्री साडेनऊनंतर हा रस्ता शर्यतीचा झाला आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाड्यांचा सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताची शक्यता चार टक्क्यांनी वाढते. आपण वेग वाढवणारा रस्ता बांधला, आणि शेवटी "वाहने सावकाश चालवा" असा फलक लावला. तो फलकही पदपथावरच रोवला आहे.

या सगळ्यातून मिळालं काय, तर एक जादा लेन. लेन झाल्यावर तिसऱ्याच आठवड्यात तिच्यात गाड्या उभ्या राहायला लागल्या. आता सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत ती लेन म्हणजे दुकानांसमोरचं फुकट पार्किंग आहे. थोडक्यात, दोन्ही बाजूंचा आमचा पदपथ कापून तिथे मोटारी ठेवायची सोय झाली. कोंडी होती तिथेच आहे, फक्त ती आता थोडी पुढे, मंडईच्या तोंडाशी होते.

हे होणार हे कुणाला कळत नव्हतं असं नाही. मुंबईत नव्वदच्या दशकात पंचावन्न उड्डाणपुलांची योजना निघाली, पूल झाले, आणि आजही मुंबईकर रोज त्याच रस्त्यांवर अडकतात. पुण्यात विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल 2020 मध्ये पाडावा लागला आणि त्या जागी दुमजली पूल उभा राहिला. जागा केली की गाड्या येतात, गाड्या आल्या की पुन्हा जागा कमी पडते. तीस वर्षं आपण पालथ्या घड्यावर पाणी ओतत आहोत.

एका मोटारीला उभं राहायला अडीच बाय पाच मीटर जागा लागते, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. लग्नानंतर आम्ही भाड्याने घेतलेली पहिली खोली याहून लहान होती. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारं घर काही वर्षं 269 चौरस फुटांचं होतं, म्हणजे 25 चौरस मीटर. बरोबर दोन मोटारींएवढं. मंडईच्या रस्त्यावर एवढी जागा कुणी टपरीसाठी मागितली तर त्याला महिन्याचं भाडं काय पडेल, हे आपल्या मालमत्ता विभागाला विचारा. मोटारीला शून्य पडतं. पुण्यात 2018 साली पैसे घेऊन पार्किंगचं धोरण मंजूर झालं, मग विरोध झाला, मग ते पाच रस्त्यांपुरतं करायचं ठरलं. पुढचं पुणेकरच सांगतील. रस्त्यावर मोटार फुकट लावायला मिळावी याला आपल्याकडे जवळजवळ जन्मसिद्ध हक्काचं स्थान आहे, एवढंच मी म्हणते.

आणि इथे मला स्वतःबद्दल सांगायला हवं, नाहीतर उद्या गल्लीतलंच कुणीतरी सांगेल. आमच्याकडेही गाडी आहे. पांढरी हॅचबॅक, सात वर्षं जुनी. आमच्या इमारतीत पार्किंग नाही, म्हणून ती गल्लीत, डावीकडची दोन चाकं पदपथावर चढवून उभी असते. अण्णा पडले त्या दिवशीही ती तशीच उभी होती, दुसऱ्या कुणाच्या तरी अण्णांच्या वाटेत. हे लक्षात यायला मला दोन महिने लागले.

तेव्हा मी मोटारवाल्यांविरुद्ध लिहीत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, 2019-21 मध्ये, देशातल्या शंभर घरांपैकी जेमतेम आठ घरांत मोटार होती. आम्ही त्या आठांतले. गाडी वापरतो, कारण तिच्याशिवाय करायचं काय हा प्रश्न आपण दरवर्षी जास्त अवघड करत आहात. बस ही त्यातली मुख्य गोष्ट.

अण्णांना बसबद्दल बोलायला लावलं की ते वॉकर विसरतात. आमच्या भागातून स्टँडला जाणारी शहर बस पूर्वी पंधरा-वीस मिनिटांनी यायची. मग अर्ध्या तासाने, मग तासाने, आणि आता "प्रतिसाद नसल्याने" दुपारच्या फेऱ्या बंद. अण्णा म्हणतात, "अगं, तासाला एक गाडी सोडली तर ती रिकामीच धावणार. पॅसेंजरला बस बघायची नसते, पोचायचं असतं. आधी फेऱ्या कमी करायच्या आणि मग पॅसेंजर कमी झाले म्हणून बोंब मारायची, हा खेळ मी डेपोत बसून बघितलाय." यात मी माझी भर घालत नाही. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाचा मापदंड लाख लोकसंख्येमागे 60 बसचा आहे. आपल्याकडे चालू स्थितीतल्या बस किती, हे आपण जाहीर करावं, भागाकार आम्ही करू.

ही फक्त आपल्या गावची गोष्ट नाही हे मला माहीत आहे. मुंबईत सुमारे 14,000 कोटींचा किनारी रस्ता झाला, आणि त्याच शहरात एकेकाळी चार हजारांवर असलेला बेस्टच्या बसचा ताफा तीन हजारांच्या खाली आला. मे 2025 मध्ये बेस्टचं किमान भाडं पाचवरून दहा रुपये झालं, जूनमध्ये पुण्याच्या पीएमपीचंही पाचाचे दहा. दुप्पट. पेट्रोल एका रात्रीत दुप्पट झालं असतं तर? आमच्या शाळेत झाडलोट करणाऱ्या मावशी तीन किलोमीटरवरून येतात. बस बंद झाल्यापासून जाताना चालत जातात आणि येताना, उशीर होऊ नये म्हणून, शेअर रिक्षाने येतात. त्यांचे बसचे पैसे वाचावेत म्हणून सरकार सवलती जाहीर करतं. पण सवलत वापरायला आधी बस यावी लागते.

मंडई रस्त्यावरच्या भाजीवाल्या आणि फळांच्या गाड्यांबद्दलही एक शब्द, कारण पदपथाची तक्रार केली की पालिका सगळ्यात आधी त्यांना उचलते. मागच्या वेळी माझ्या अर्जाचा एवढाच परिणाम झाला : एका सकाळी अतिक्रमणची गाडी आली आणि तीन बायकांच्या पाट्या घेऊन गेली. विजेचा डबा तिथेच राहिला. कृपा करून माझ्या नावावर हे पुन्हा करू नका. पथविक्रेत्यांसाठी 2014 चा कायदा आहे, त्यात नगर पथविक्रेता समिती आहे, जागा आखून द्यायची तरतूद आहे. अडीच मीटरच्या पदपथावर कडेला पाटी घेऊन बसणारी बाई आणि चालणारी मी, दोघी मावत होतो. वर्षानुवर्षं मावलो होतो. आणि संध्याकाळी त्या रस्त्यावरून एकटीने येताना भीती वाटायची नाही, ती या बायका तिथे बसलेल्या असायच्या म्हणून.

दुकानदारांचं म्हणणं मला ठाऊक आहे. पार्किंग काढलं तर गिऱ्हाईक कुठून येणार? पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याचा एक भाग 2021 पासून 11 डिसेंबरला वाहनांसाठी बंद करून चालणाऱ्यांना मोकळा करतात. दिवाळीच्या आधी जिथे मुंगीला वाट नसते, त्या रस्त्यावर. तिथेही आधी हीच काळजी होती. एक दिवस करून बघायला आपल्या व्यापारी मंडळींचीही हरकत नसावी. नुकसान झालं तर एका दिवसाचंच होईल.

आता शाळेचा रस्ता. टप्पा क्र. 2.

या रस्त्यावर दोन शाळा, एक बालवाडी आणि एक दवाखाना आहे. सकाळी सात ते साडेसातच्या दरम्यान इथे मोटारींपेक्षा दप्तरं जास्त असतात. अजून इथे सायकली दिसतात, आठवी-नववीच्या मुलींच्या, बास्केटमध्ये पाण्याची बाटली. सायकलींचं शहर म्हणून पुण्याचं नाव होतं ते आम्ही ऐकलं, आपल्या गावातली सायकल मात्र आम्ही डोळ्यांनी संपताना पाहिली. उरली आहे ती या एका रस्त्यावर, कारण झाडांमुळे तो अरुंद आहे आणि गाड्यांना तिथे हळू जावं लागतं. ज्या झाडांना आपली नोटीस "अडथळा" म्हणते, ती गतिरोधकाचं काम करतात आणि वर सावलीही देतात. हा रस्ता रुंद केलात तर पुढच्या जूनमध्ये अर्धे पालक मुलींच्या सायकली बंद करतील आणि त्यांना स्कूटरवरून, मोटारीतून सोडायला येतील. मग शाळेसमोर कोंडी होईल. मग टप्पा क्र. 3.

नोटिशीवर हरकतींसाठी सात दिवस दिले आहेत आणि त्या कार्यालयीन वेळेत प्रत्यक्ष आणून द्यायच्या आहेत. मध्यंतरी काही वर्षं सभागृहच नव्हतं, तेव्हा विचारायला नगरसेवकही नव्हता. आता आहेत. त्यांनाही हे पत्र देणार आहे.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे :

1. शाळेच्या रस्त्याचा टप्पा क्र. 2 आणि तिथली वृक्षतोड ताबडतोब थांबवावी. त्यावर जाहीर सुनावणी घ्यावी, ती संध्याकाळी सहानंतर आणि त्याच रस्त्यावरच्या शाळेत. सभागृह मिळवून द्यायची जबाबदारी माझी.

2. मंडई रस्त्यावर दोन्ही बाजूंना किमान 1.8 मीटर मोकळा, सलग पदपथ परत द्यावा. कड 15 सेंटिमीटर. फाटकापाशी पदपथ खाली उतरणार नाही. जागा जादा लेनमधून घ्यावी, ती तशीही वाहतुकीच्या कामाची राहिलेली नाही.

3. विजेचा डबा हलवावा. वीज कंपनीचा आणि आपला पत्रव्यवहार कुणाच्या कोर्टात चेंडू टाकतो आहे हे आम्हाला कळायची गरज नाही.

4. पादचारी पूल रद्द करावा. दुभाजक तीन ठिकाणी उघडून तिथे उंचवट्याचे झेब्रे करावेत, आणि मंडईच्या सिग्नलला चालणाऱ्यांना 14 ऐवजी 30 सेकंद द्यावेत. या शेवटच्या गोष्टीला निविदा लागत नाही, एक माणूस आणि पेटीची किल्ली लागते.

5. मंडई रस्त्यावर पार्किंगला तासाप्रमाणे पैसे घ्यावेत. आमच्याकडूनही. ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून फक्त पदपथांवर आणि बसवर खर्च करावी, आणि दर तीन महिन्यांनी हिशोब जाहीर करावा.

6. आमच्या भागातली बस सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी चार ते नऊ दर पंधरा मिनिटांनी सोडावी. निदान एक वर्ष. एका महिन्यात "प्रतिसाद नाही" म्हणून बंद करू नये.

7. पुढच्या अंदाजपत्रकात पायी चालणारे, सायकल आणि बस यांना रस्त्यांच्या एकूण खर्चातला किती वाटा मिळतो, हे एका ओळीत छापावं. चेन्नई महापालिकेने 2014 मध्ये धोरण करून वाहतुकीच्या खर्चातला किमान 60 टक्के वाटा पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी ठरवला होता. आपल्याकडचा आकडा छापला तरी पुष्कळ झालं.

अण्णांचं एक म्हणणं आहे, ते मागण्यांत बसत नाही म्हणून इथे लिहिते. वाचनालयासमोरचं दगडी बाक रुंदीकरणात उखडलं, ते परत बसवावं. बाक पालिकेच्या गोदामात आहे, असं त्यांना त्यांच्या एका जुन्या ड्रायव्हर मित्राने सांगितलं आहे. डावा पाय थोडा फुटलाय, पण चालेल, असंही म्हणाले.

आपली नम्र,
बस स्टँड-मंडई रस्त्यावरची एक रहिवासी
(आवक शिक्का मारलेल्या प्रतीवर पूर्ण नाव आणि पत्ता आहे.)

ता. क. : गल्लीतली आमची गाडी एक तारखेपासून पदपथावरून काढली आहे. जुन्या ऑईल मिलच्या मागे महिना 1,200 रुपयांनी जागा मिळाली. घरापासून चालत अकरा मिनिटं. त्या अकरा मिनिटांत दोनदा रस्त्यावर उतरावं लागतं, एकदा विजेच्या डब्यापाशी आणि एकदा "वाहने सावकाश चालवा" या फलकापाशी.